लंडन–सिडनी हवाई मार्ग

लंडन–सिडनी हवाई मार्ग : इंग्लंडची राजधानी लंडन आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी सिडनी यांना जोडणारा एक अतिदीर्घ प्रवासी हवाई मार्ग. तो ‘कांगारू मार्ग’ या नावानेही ओळखला जातो. लंडनचा हीथ्रो व सिडनीचा किंग्जफर्ड स्मिथ या दोन विमानतळांमधील किमान अंतर सु. १७,०२० किमी. आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन ठिकाणांत सु. २०,००० किमी.पेक्षा अधिक अंतर असू शकत नाही. त्या कमाल अंतराच्या सु. ८५ टक्के अंतर या दोन शहरांमध्ये आहे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात विमान पोचण्यास १९१९ मध्ये जवळजवळ अठ्ठावीस दिवस लागले. शंभर वर्षांनंतर, २०१९ मध्ये, लंडनहून निघालेले एक विमान कोठेही न थांबता १९ तास १९ मिनिटांत सिडनीस उतरले. या शतकात अंतर बदलले नाही. बदलले ते विमानांचे सामर्थ्य, वाटेतील देशांचे परस्परसंबंध आणि प्रवास करणारा वर्ग. त्यामुळे या मार्गाचा इतिहास हा केवळ वेगवृद्धीचा इतिहास नाही. विमाने कोणत्या देशांवरून गेली व कोणत्या गावी थांबली, यावर साम्राज्ये, युद्धे व राजकीय सीमा यांचा स्पष्ट ठसा आढळतो आणि त्या इतिहासात भारतीय उपखंडाचे स्थान महत्त्वाचे आहे.

अंतर व त्याची गणना : गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत लहान मार्ग म्हणजे त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा कंस होय. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ मिळते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने त्यांच्यामधील केंद्रीय कोन काढता येतो. लंडन व सिडनी यांच्याबाबतीत हा कोन सु. १५३ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. धरल्यास एका अंशास सु. १११.२ किमी. अंतर पडते आणि त्यावरून वरील आकडा मिळतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अचूक अंतरात थोडा फरक पडतो. परंतु तो अर्ध्या टक्क्याहून कमी असतो.

या बृहद्‌वृत्ताचा कंस नकाशावर पाहिल्यास एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. लंडनहून तो ईशान्येकडे निघतो आणि बाल्टिक समुद्र, रशिया, कझाकस्तान, चीन, दक्षिण चिनी समुद्र व इंडोनेशियाची बेटे या प्रदेशांवरून ऑस्ट्रेलियात उतरतो. त्याचा मध्यबिंदू चीनच्या सिचुआन प्रांताच्या आसपास येतो. भारतीय उपखंडाला हा कंस स्पर्शही करीत नाही. तथापि १९१९ पासून पुढे सु. अर्धशतक या मार्गावरील बहुतेक विमाने कैरो, बगदाद, कराची, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून व सिंगापूर यांपैकी काही ठिकाणी थांबत गेली. म्हणजेच मार्ग आखताना भूमितीपेक्षा इतर गोष्टींना प्राधान्य होते. इंधनाचे साठे कोठे करता येतील, तारायंत्राची सोय कोठे आहे, उतरण्यास मोकळी जागा कोठे आहे व कोणाच्या राज्यावरून उडण्याची मुभा आहे, या प्रश्नांना ब्रिटिश साम्राज्याचा प्रदेश हेच त्या काळी सोयीचे उत्तर होते.

आरंभीची उड्डाणे : पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ग्रेट ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात ७२० तासांच्या, म्हणजे तीस दिवसांच्या आत विमानाने येणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांसाठी १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. त्या वेळी बोटीने हा प्रवास करण्यास सु. सहा आठवडे लागत. स्पर्धेत सहा पथकांनी भाग घेतला. त्यांपैकी दोनच ऑस्ट्रेलियात पोचली आणि चार वैमानिक मृत्युमुखी पडले. रॉस स्मिथ व कीथ स्मिथ हे बंधू आणि वॉली शायर्स व जिम बेनेट हे यांत्रिक १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हौन्स्लो येथून व्हिकर्स व्हिमी या दोन एंजिनांच्या द्विपंखी विमानातून निघाले. ते १० डिसेंबर रोजी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन येथे उतरले. त्यांना २७ दिवस २० तास लागले. मात्र त्यांतील प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ १३६ तासांहूनही किंचित कमी होता. म्हणजे एकूण काळाचा फक्त पाचवा हिस्सा हवेत गेला. उरलेला वेळ दुरुस्ती, इंधन भरणे, हवामान निवळण्याची प्रतीक्षा व रात्रीचे मुक्काम यांत खर्च झाला.

या उड्डाणात विमान कराची, दिल्ली, अलाहाबाद व कलकत्ता येथे उतरले. कलकत्त्याच्या शर्यतीच्या मैदानावरून उडताना पक्षी येऊन आदळल्याने ते थोडक्यात बचावले. जावा बेटावरील सुराबाया येथे ते चिखलात रुतले, तेव्हा स्थानिक रहिवाशांनी बांबूच्या चटया अंथरून तात्पुरती धावपट्टी तयार केली व तीवरून विमानाने उड्डाण केले. या विजयाचे श्रेय चौघांना मिळाले. परंतु अशा अनेक अनाम लोकांच्या श्रमांवाचून ते उड्डाण पूर्ण होणे शक्य नव्हते. दुसरे यशस्वी पथक रे पॅरर व जॉन मॅकिन्टॉश यांचे होते. ते एका एंजिनाच्या विमानातून जानेवारी १९२० मध्ये निघाले आणि २०६ दिवसांनी डार्विनला पोचले. याच स्पर्धेच्या निमित्ताने हडसन फिश व पॉल मॅगिनिस या दोन माजी वैमानिकांनी लाँगरीच ते डार्विन या ओसाड प्रदेशाची मोटारीने पाहणी केली. त्या अनुभवातून त्यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये क्वीन्सलंड व उत्तर प्रदेशासाठी एक विमान कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘क्वांटास’ या आद्याक्षरी नावाने प्रसिद्धीस आली.

यानंतरच्या दशकात एकेकट्या वैमानिकांनी हा काळ घटवत नेला. बर्ट हिंक्लर यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये क्रॉयडन ते डार्विन हे अंतर एकट्याने साडेपंधरा दिवसांत कापले. मे १९३० मध्ये ॲमी जॉन्सन यांनी एका लहान विमानातून साडेएकोणीस दिवसांत डार्विन गाठले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात एकटीने विमान नेणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. वाटेत इंधन संपत आल्याने त्यांना झाशी येथे लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डनहॉल ते मेलबर्न अशी मोठी शर्यत झाली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन व शार्लव्हिल हे तिचे सक्तीचे थांबे होते. स्कॉट व कॅम्बेल ब्लॅक यांनी खास शर्यतीसाठी बांधलेल्या द हॅव्हिलंड कॉमेट विमानातून सु. ७१ तासांत ती जिंकली. परंतु वाहतुकीच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचे विमान अधिक महत्त्वाचे ठरले. के. एल. एम. या डच कंपनीचे ते साधे डग्लस डीसी-२ प्रवासी विमान होते. उतारू व टपाल घेऊन ते सु. ९० तासांत पोचले. सर्वसामान्य प्रवासी विमानही इतके लांब अंतर वेगाने कापू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

या काळातील धोक्याची कल्पना चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ यांच्या अखेरीवरून येते. नोव्हेंबर १९३५ मध्ये इंग्लंड–ऑस्ट्रेलिया उड्डाणाचा नवा उच्चांक करण्यासाठी ते निघाले. अलाहाबादहून सिंगापूरकडे रात्री उडत असताना ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत ते व त्यांचे सहवैमानिक बेपत्ता झाले. सिडनीच्या विमानतळास त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

नियमित वाहतुकीचा प्रारंभ : इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची ही टपाल व उतारू सेवा सुरू केली. प्रवासास सात दिवस लागत आणि भाडे १३० पौंड होते. इटलीशी हवाई परवान्याबाबत मतभेद असल्याने उतारूंना क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जेनोआपर्यंत आगगाडीने व पुढे भूमध्य समुद्रावरून जलविमानाने जावे लागे. ईजिप्तपासून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवर उतरणारे विमान असे. इराकच्या वाळवंटात रुत्बा येथे विहिरींजवळील किल्ल्यात उतारूंची सोय केली होती. त्यापुढे विमाने इराणच्या किनाऱ्याने जात. परंतु इराण सरकारशी झालेला करार संपल्यावर १९३२ मध्ये मार्ग आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर हलविण्यात आला. शारजा येथे उतारूंसाठी तटबंदीयुक्त विश्रामगृह बांधले गेले. अशा रीतीने दोन देशांच्या नकारामुळे मार्ग दोनदा वाकला आणि प्रवासाचा काळ त्याप्रमाणे ठरला.

याच सुमारास पूर्वेकडील प्रवासासाठी हवाई जहाजांचाही विचार चालू होता. इंग्लंड–कराची प्रवासासाठी आर-१०१ हे प्रचंड हवाई जहाज बांधण्यात आले व कराची येथे त्यासाठी भव्य कोठार उभारण्यात आले. पहिल्याच सफरीत, ५ ऑक्टोबर १९३० रोजी, ते फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळले व ४८ जण मरण पावले. त्यानंतर ब्रिटनने हवाई जहाजांची योजना सोडून दिली आणि कराचीचे कोठार त्या जहाजाविनाच उभे राहिले.

बोटींच्या युगात यूरोपहून येणाऱ्या प्रवाशांचे भारतातील प्रवेशद्वार मुंबई हे होते. विमानयुगात ते स्थान प्रथम कराचीकडे गेले; कारण मुख्य हवाई मार्ग तेथून जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद व कलकत्ता असा उत्तर भारतातून पूर्वेस जात होता. पश्चिम व दक्षिण भारत त्यापासून दूर राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. इंपीरियल एअरवेजने कराचीस आणलेल्या टपालाचे वितरण हा या सेवेचा हेतू होता. भारतातील या नागरी हवाई वाहतुकीचा उगम अशा प्रकारे लंडनहून पूर्वेस जाणाऱ्या महामार्गाची शाखा म्हणून झाला.

मुख्य मार्ग १९३३ मध्ये कलकत्ता, रंगून व अखेरीस सिंगापूरपर्यंत वाढविण्यात आला. भारतातील टप्प्यासाठी इंडियन ट्रान्सकाँटिनेंटल एअरवेज ही कंपनी काढण्यात आली व तीत हिंदुस्थान सरकारचाही भाग होता. तत्पूर्वी एप्रिल १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पहिल्या प्रायोगिक टपाल उड्डाणातील विमान तिमोर बेटावर मोडले होते. जानेवारी १९३४ मध्ये क्वांटास व इंपीरियल एअरवेज यांनी मिळून क्वांटास एंपायर एअरवेज ही कंपनी स्थापन केली. डिसेंबर १९३४ मध्ये लंडन–ब्रिस्बेन टपाल सेवा व एप्रिल १९३५ मध्ये उतारू सेवा सुरू झाली. या प्रवासास साडेबारा दिवस लागत व भाडे १९५ पौंड होते. विमाने प्रायः दिवसाच उडत. उतारूंचा संध्याकाळचा मुक्काम हॉटेलात किंवा विश्रामगृहात होई आणि पहाटे पुन्हा प्रवास सुरू होई.

जलविमानांचा काळ : पृष्ठभाग पक्का केलेल्या धावपट्ट्या तेव्हा फार थोड्या ठिकाणी होत्या. पावसाळ्यात मातीची मैदाने निकामी होत. मोठ्या विमानांसाठी सर्वत्र धावपट्ट्या बांधण्यापेक्षा नद्या, सरोवरे व बंदरे यांचा उपयोग करणे स्वस्त पडे. त्यामुळे १९३८ च्या जुलैपासून साउदॅम्प्टन–सिडनी या संपूर्ण मार्गावर शॉर्ट कंपनीची चार एंजिनांची जलविमाने धावू लागली. सिडनीच्या रोझ बे या उपसागरात ती उतरत आणि प्रवासास सु. साडेनऊ दिवस लागत. भारतातील थांबे या विमानांच्या सोयीनुसार बदलले. कराचीनंतर मेवाडातील राजसमंद सरोवर, ग्वाल्हेर येथील जलाशय, अलाहाबाद येथील नदी व कलकत्त्यास हुगळी अशी ती उतरत. महाराणा राजसिंह यांनी सतराव्या शतकात बांधविलेले राजसमंद सरोवर अशा रीतीने काही वर्षे लंडन–सिडनी मार्गावरील एक स्थानक बनले होते. याच वर्षी जादा आकार न घेता टपाल विमानाने नेण्याची साम्राज्य टपाल योजना भारत व ऑस्ट्रेलिया यांना लागू झाली. विमानाचे तिकीट परवडणे ज्यांना शक्य नव्हते, अशांच्या पत्रांना तरी विमानाचा वेग त्यामुळे लाभला.

दुसरे महायुद्ध : जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरील मार्ग तुटला. दक्षिण आफ्रिकेतील डरबानहून निघून कैरो, कराची, कलकत्ता व सिंगापूर यांमार्गे सिडनीस पोचणारा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा मार्ग वापरात आला. ३० जानेवारी १९४२ रोजी तिमोरनजीक जपानी लढाऊ विमानांनी एक उतारू जलविमान पाडले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडल्यावर हाही मार्ग बंद झाला.

ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी हवाई संबंध पुन्हा जोडण्यासाठी १९४३ च्या मध्यास पर्थ ते श्रीलंकेतील (तत्कालीन सिलोन) कोग्गला सरोवर अशी कॅटलिना जलविमानांची सेवा सुरू झाली. सु. ५,६०० किमी.चा हा हिंदी महासागरावरील टप्पा न थांबता पार करावा लागे. जपानी विमानांपासून बचाव करण्यासाठी रेडिओ बंद ठेवला जाई व दिशा ताऱ्यांवरून ठरवली जाई. इंधनाचा भार इतका असे की, तीनच उतारू व थोडे टपाल नेता येई. उड्डाणास २७ ते ३२ तास लागत. त्यामुळे प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत आणि त्यावरूनच या सेवेस ‘दुहेरी सूर्योदय’ असे नाव पडले. जुलै १९४५ पर्यंत या विमानांनी २७१ वेळा महासागर ओलांडला. इतिहासातील सर्वाधिक काळ हवेत राहणाऱ्या नियमित सेवांत तिची गणना होते. तासांच्या हिशोबाने पाहता पुढील काळातील जेट विमानांची अतिदीर्घ उड्डाणेही तिच्या मागेच राहिली.

कांगारू मार्ग : युद्धकाळात दूर पल्ल्याची विमाने व अनेक ठिकाणी पक्क्या धावपट्ट्या तयार झाल्या. त्यांचा लाभ घेऊन क्वांटासने १ डिसेंबर १९४७ रोजी लॉकहीड कॉन्स्टेलेशन या हवादाबयुक्त कक्ष असलेल्या विमानाने सिडनी–लंडन सेवा सुरू केली. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व ट्रिपोली हे तिचे थांबे होते. पहिल्या उड्डाणात २९ प्रवासी व ११ कर्मचारी होते. चार दिवसांच्या या प्रवासात सु. ५५ तास प्रत्यक्ष उड्डाणात जात. १९१९ मध्ये हवेत जाणारा हिस्सा पाचवा होता, तो आता निम्म्याहून अधिक झाला. प्रवासकाळ घटण्यास विमानाचा वेग जसा कारणीभूत झाला, तसेच थांबे व मुक्काम कमी होणे हेही झाले.

परतीच्या प्रवासासह भाडे ५८५ पौंड होते. याच काळात हजारो ब्रिटिश कुटुंबे ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यासाठी जात होती. १९४५ मध्ये सुरू झालेल्या साहाय्यित स्थलांतराच्या योजनेत प्रौढ व्यक्तीस केवळ दहा पौंड भरावे लागत. यांतील बहुसंख्य लोक आरंभीच्या काळात बोटीने गेले आणि त्यांचा प्रवास चार ते सहा आठवड्यांचा होता. त्यामुळे १९५० च्या सुमारास लंडन–सिडनी प्रवासकाळ किती, या प्रश्नाला दोन उत्तरे होती. सरकारी अधिकारी, व्यापारी व श्रीमंत प्रवासी यांच्यासाठी तो चार दिवस होता. मायदेश कायमचा सोडून निघालेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी तो सु. महिनाभराचा होता. आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी परत जाणे अशा कुटुंबांना बहुधा शक्यच नसे.

उपखंडातील फाळणीनंतर कराची व कलकत्ता हे थांबे दोन वेगळ्या देशांत गेले. त्याच वेळी नव्या राष्ट्रांच्या स्वतःच्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. एअर इंडिया इंटरनॅशनलने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला पहिले उड्डाण केले. ऑक्टोबर १९५६ मध्ये तिने सिडनीपर्यंत सेवा सुरू केली. मुंबईचे जे स्थान मुख्य मार्गावरून १९२९ मध्ये निसटले होते, ते भारताच्या स्वतःच्या कंपनीमुळे तिला पुन्हा प्राप्त झाले.

जेट विमानांचे युग : जगातील पहिले जेट प्रवासी विमान द हॅव्हिलंड कॉमेट मे १९५२ मध्ये सेवेत आले. २ मे १९५३ रोजी सिंगापूरहून लंडनकडे जाणारे असे एक विमान कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडाल्यावर थोड्याच वेळात वादळात सापडून कोसळले व त्यातील ४३ जण मरण पावले. १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर आणखी दोन अपघात झाले. धातूच्या थकव्यामुळे कक्षाचे आवरण फाटल्याचे त्यानंतरच्या तपासात आढळले. हे ज्ञान पुढील सर्व विमानांच्या रचनेस उपयोगी पडले. १९५९ मध्ये बोइंग ७०७ व सुधारलेले कॉमेट-४ ही विमाने लंडन–ऑस्ट्रेलिया मार्गावर आली आणि प्रवासकाळ दीड दिवसाच्या आसपास उतरला. रात्रीचे मुक्काम संपले.

बोइंग ७४७ हे प्रचंड विमान १९७१ मध्ये क्वांटासच्या ताफ्यात दाखल झाले. एका विमानात साडेतीनशेच्या आसपास प्रवासी मावू लागल्याने भाडी तुलनेने उतरली. स्थलांतरितांसाठीही विमान हेच नेहमीचे साधन झाले व उतारू बोटींची वाहतूक लयास गेली. पल्ला वाढल्याने मधले थांबेही गळत गेले. सिंगापूर, बँकॉक व बहरीन यांसारखी मोजकी ठिकाणे उरली. अलाहाबाद (२०१८ पासून प्रयागराज), कराची व कलकत्ता (२००१ पासून कोलकाता) ही शहरे या मार्गावरून क्रमाने दूर झाली. २०१३ ते २०१८ या काळात क्वांटासची लंडनची विमाने दुबईस थांबत. ज्या किनाऱ्यावर १९३२ मध्ये शारजाचे विश्रामगृह बांधले गेले, त्याच किनाऱ्यावर दुबई आहे. मात्र तेव्हाचे कारण इराणचा नकार हे होते, आताचे आखातातील कंपनीशी झालेला व्यापारी करार हे होते.

विनाथांबा उड्डाण : लंडन–सिडनी अंतर न थांबता कापणे हे तांत्रिक दृष्ट्या १९८९ मध्येच साध्य झाले. १७ ऑगस्ट १९८९ रोजी क्वांटासचे नवे बोइंग ७४७-४०० विमान लंडनहून निघून २० तास ९ मिनिटांत सिडनीस पोचले. परंतु त्यात केवळ तेवीस माणसे होती. त्यासाठी अधिक घनतेचे इंधन खास जर्मनीहून आणले होते आणि इंधन वाचविण्यासाठी विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत ओढून नेले होते. दीर्घ उड्डाणातील मुख्य अडचण यावरून ध्यानात येते. लांब जाण्यास अधिक इंधन लागते. त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठी पुन्हा आणखी इंधन लागते. तेवढ्या वजनाचे प्रवासी व माल कमी करावे लागतात. म्हणून काही अंतरापलीकडे, मध्ये थांबून इंधन भरणे हेच बहुधा किफायतशीर ठरते.

हलक्या संमिश्र पदार्थांची रचना व काटकसरी एंजिने यांमुळे ही मर्यादा पुढे सरकली. २४ मार्च २०१८ रोजी बोइंग ७८७-९ विमानाने पर्थ–लंडन ही सु. १४,५०० किमी.ची विनाथांबा प्रवासी सेवा सुरू झाली. या प्रवासास सु. १७ तास लागतात. यूरोप व ऑस्ट्रेलिया यांना न थांबता जोडणारी ही पहिली नियमित सेवा होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच जातीच्या विमानाने सु. पन्नास व्यक्तींसह लंडन–सिडनी हे प्रायोगिक उड्डाण १९ तास १९ मिनिटांत पूर्ण केले. प्रत्यक्ष कापलेले अंतर सु. १७,८०० किमी. होते. या उड्डाणांत प्रवाशांची झोप व आहार आणि वैमानिकांची सावधानता यांच्या नोंदी घेण्यात आल्या. कारण आता यंत्राइतकीच माणसाची सहनशक्ती हीही एक मर्यादा ठरली होती. नियमित विनाथांबा सेवेसाठी क्वांटासने मे २०२२ मध्ये वाढीव इंधनटाकी असलेल्या बारा एअरबस ए-३५०-१००० विमानांची मागणी नोंदविली. या योजनेस युद्धकालीन सेवेच्या स्मरणार्थ ‘सूर्योदय’ हेच नाव देण्यात आले.

प्रवासकाळ ठरविणारे घटक : किमान अंतरास विमानाच्या वेगाने भागून येणारा काळ व वेळापत्रकातील काळ यांत नेहमीच फरक असतो. ताशी ९०० किमी. वेग धरल्यास लंडन–सिडनी प्रवासास सु. १९ तास पुरावेत. प्रत्यक्षात त्यात उड्डाणापूर्वी व उतरल्यानंतर जमिनीवर चालण्याचा वेळ, विमानतळाभोवतीचे वळसे व थांब्यांचा काळ मिळवावा लागतो. एक थांबा घेणाऱ्या सेवांस साधारणतः २२ ते २४ तास लागतात. वातावरणाच्या वरच्या थरांतील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे लंडनहून येणाऱ्या विमानास त्यांचे साहाय्य व तिकडे जाणाऱ्या विमानास विरोध होतो. दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत ऋतूनुसार ९ ते ११ तासांचा फरक पडतो. त्यामुळे घड्याळातील निर्गमन व आगमन यांच्या वेळांवरून प्रवासकाळ थेट काढता येत नाही.

या सर्वांहून अनिश्चित घटक म्हणजे राजकीय परिस्थिती होय. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ब्रिटन व रशिया यांनी आपापले आकाश एकमेकांच्या विमानांना बंद केले. बृहद्‌वृत्ताच्या कंसाचा काही भाग रशियावरून जात असल्याने या निर्बंधांचा परिणाम यूरोप व आशिया यांमधील हवाई वाहतुकीवर व्यापक प्रमाणात झाला. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियातील तणावामुळे इराणचे आकाश टाळणे भाग पडले. तेव्हा पर्थहून लंडनला न थांबता जाणारे विमान काही काळ इंधनासाठी सिंगापूरला उतरविण्यात येऊ लागले. १९३२ मध्ये इराणचा किनारा सोडावा लागल्याने विमाने शारजाला उतरू लागली होती. ब्याण्णव वर्षांनंतर, त्याहून कितीतरी समर्थ विमानाला त्याच देशाचे आकाश टाळण्यासाठी वाट वाकडी करावी लागली. दोन विमानतळांमधील अंतर गणिताने ठरते व ते कायम असते. त्यांच्यामधील प्रवासाचा काळ मात्र त्या त्या वेळच्या यंत्रांवर, हवामानावर आणि वाटेतील राष्ट्रांच्या संमतीवर अवलंबून असतो.